एका जोडणीपुरतं

आलापल्लीच्या पुढे, भामरागडच्या रस्त्यावरून आत वळलं की एक छोटा दवाखाना लागतो. तिथल्या एक्स-रेच्या खोलीत माझे बरेच दिवस गेले. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. गडचिरोलीत दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून दवाखान्यांचे आणि शाळांचे कॉम्प्युटर चालते ठेवणं हे माझं काम. त्याआधी काही वर्षं पुण्यात एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळले. मग घरची ओढ म्हणा, पुण्याचा कंटाळा म्हणा, परत आले. आई कुरखेड्याजवळच्या आमच्या गावी धान लावते. मी आल्याचा तिला आनंद झाला, पण पुण्याहून येऊन मी गडचिरोलीतच का थांबले आणि गावाच्या पुढे जंगलात कशाला जाते, हे तिला कळायला वेळ लागला.

दवाखान्यात एक्स-रे काढायला एकच बाई होत्या. माडिया समाजातल्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. नागपुरात शिकून आल्या होत्या आणि तिथं राहायची संधी असताना परत आल्या होत्या, म्हणून आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. त्यांना सगळे बाई म्हणायचे, मीही तेच म्हणायची. त्या मात्र मला ताई म्हणायच्या. वयाचा हिशेब मी एकदा काढला तर म्हणाल्या, "मशीन तुमची, म्हणून तुमी ताई."

बाई फोटो काढायच्या, म्हणजे एक्स-रे. तिथं सगळे त्याला फोटोच म्हणतात. तो फोटो चंद्रपूरला एका वयस्कर डॉक्टरांकडे जायचा. ते निवृत्त झाले होते, घरी बसून फोटो वाचायचे आणि काय दिसतं ते फोनवर सांगायचे. फोटो त्यांच्यापर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम माझा होता. दवाखान्याच्या छतावर एक गोल अँटेना आहे, ती समोरच्या टेकडीवरच्या टॉवरकडे तोंड करून असते. मधे नुसतं सागाचं जंगल. ही सगळी जोडणी मी एका उन्हाळ्यात केली. पहिला फोटो गेला तेव्हा बाईंनी डॉक्टरांना फोन लावला आणि फोन कानाला लावेपर्यंत डॉक्टर छातीच्या फोटोबद्दल बोलायलाही लागले होते. त्या दिवशी बाईंनी मला मोहाच्या फुलांचे लाडू खाऊ घातले आणि गडचिरोलीला नेण्यासाठी डबाही भरून दिला.

पावसाळ्यात त्यांचा फोन आला. बाईंना थेट तक्रार करता येत नाही, हे मला तोवर माहीत झालं होतं. आधी त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली, मग धान कसं आहे विचारलं, मग त्यांच्याकडे नाल्याला पाणी किती आलंय ते सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "ताई, फोटो जाऊन राह्यला, पण लई दमानं जाऊन राह्यला."

दमानं म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मी ऑफिसातून एक्स-रेच्या खोलीतल्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, शिरून बघितलं. सकाळी काढलेला फोटो दुपार झाली तरी अर्धाच गेला होता. त्या गावातून परतीची एसटी एकच. फोटोचं उत्तर यायच्या आत गाडी निघून जायची आणि पेशंट व्हरांड्यात मुक्कामाला राहायचा. बाई त्यांना आपल्या घरून भात आणायच्या. हेही मला त्यांनी नाही, तिथल्या नर्सनं सांगितलं.

मी दुसऱ्या दिवशी बॅग भरून निघाले.

दवाखान्याच्या मागं बाईंचं क्वार्टर होतं, तिथं माझी खाट असायची. पहिल्या दिवशी मी तारा तपासल्या, अँटेनाचे बोल्ट आवळले, प्लग बदलले. काही फरक नाही. मग छतावर चढून नुसती उभी राहिले. उन्हाळ्यात मी याच जागी उभी होते तेव्हा समोर सागाची उघडी खोडं आणि त्यांच्यामधून टेकडी दिसत होती. आता टेकडी अर्धीच दिसत होती. सागाला सुपाएवढाली पानं आली होती, पावसानं निथळत होती, वाऱ्यानं हलत होती. माझी रेडिओची रेषा त्या पानांच्या शेंड्यांमधून जात होती. मी उन्हाळ्यात अँटेना लावली आणि पावसाळ्यात झाडांना पानं येतात हे विसरले. खाली येऊन बाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावून बसल्या.

अँटेना उंच करायला मोठा खांब हवा होता, आणि खांब यायला पावसाळा संपायला हवा होता. ट्रक नाल्यापलीकडेच अडला असता. तोवर काय करायचं, हा प्रश्न माझ्या कामाचा होता.

इथं थोडं सांगायला हवं. कॉम्प्युटर एखादा फोटो पाठवतो तेव्हा तो सगळा एकदम पाठवत नाही. त्याचे बारीक तुकडे करतो, थोडे तुकडे सोडतो आणि समोरून पोचपावती यायची वाट पाहतो. पावत्या नीट आल्या तर पुढच्या वेळी जास्त सोडतो. एखादा तुकडा हरवला तर तो समजतो की वाटेत गर्दी झाली आहे, आणि गर्दीत भर नको म्हणून आपला वेग एकदम खाली आणतो. मग पुन्हा हळूहळू वाढवत जातो. याला आमच्या भाषेत गर्दीचं नियंत्रण म्हणतात. शहरात हे अगदी बरोबर आहे. तिथं तुकडा हरवतो तो खरंच गर्दीमुळे. सगळ्यांनी असा समजूतदारपणा केला नसता तर इंटरनेट केव्हाच बसलं असतं.

पण आमच्या वाटेवर गर्दी कुठली? अख्ख्या जंगलावरून एका दवाखान्याचा फोटो जात होता. तुकडे हरवत होते ते ओल्या पानांमुळे. बिचारा कॉम्प्युटर प्रत्येक पानाला गर्दी समजून थांबत होता, वाट देत होता, आणि पुढं सरकायचा धीर केला की पुन्हा एक पान हलत होतं.

गर्दी ओळखायच्या पद्धती अनेक आहेत. दवाखान्याचं मशीन लिनक्स या प्रणालीवर चालतं, तिच्यात नेहमी असते त्या पद्धतीला क्यूबिक म्हणतात. ती हरवलेल्या तुकड्यांवरून ठरवते. दुसरी बीबीआर नावाची आहे. ती चार तुकडे हरवले म्हणून घाबरत नाही. तुकडे खरोखर कोणत्या वेगानं पोचताहेत आणि पावती यायला कमीत कमी किती वेळ लागतो, हे ती मोजते आणि त्या मापानं चालत राहते. पुण्यात असताना मी ती वापरली होती. मी मशीनची सेटिंग बदलली, अख्ख्या मशीनसाठी क्यूबिकच्या जागी बीबीआर केलं, आणि बाईंना म्हटलं, एक फोटो पाठवा.

फोटो गेला. उन्हाळ्याएवढ्या झपाट्यानं नाही, पण गेला. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा पेशंट अजून शर्टाची बटणं लावत होता. त्या दिवशी सगळे पेशंट एसटीनं घरी गेले. संध्याकाळी बाईंनी वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी केली. मी दोनदा भात घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परतले. गाडीत खिडकीशी बसून स्वतःवर बेहद्द खूश होते.

मग बरेच दिवस फोन नाही. आला तेव्हा बाईंनी आधी आईची तब्येत विचारली, मग धानाचं विचारलं. मी ओळखलं.

"सांगा बाई, काय झालं?"

"काई नाई ताई. फोटो मस्त जाऊन राह्यला."

"मग?"

त्यांनी नाल्याचं पाणी किती उतरलं ते सांगितलं. मग म्हणाल्या, "फोटो तं पळते. पण मानसाचं बोलनं तुटून राह्यलं."

दवाखान्यात वॉर्डाच्या शेजारी एक खोली होती. तिथं भिंतीला एक टॅब लावून ठेवला होता. ज्यांची मुलं बाहेर शिकतात, आश्रमशाळेत किंवा कॉलेजात, त्यांनी दुपारी येऊन मुलांशी बोलावं, चेहरा बघावा, अशी ती सोय. ती बाईंचीच कल्पना होती. त्या भागात फोनला रेंज धड नाही, दवाखान्याच्या आवारात बोलण्यापुरती मिळते, त्यामुळे आसपासच्या पाड्यांतून लोक चालत यायचे. आपली पाळी येईपर्यंत व्हरांड्यात बसायचे, तंबाखू मळायचे. टॅबचं आणि एक्स-रेच्या मशीनचं इंटरनेट एकच होतं. आणि मी बदल केल्यापासून दुपारी टॅबवरचे चेहरे गोठायचे, आवाज तुटायचा. लोकांना वाटायचं टॅब बिघडला. बाईंना माहीत होतं काय झालंय, पण मी इतक्या आनंदात परत गेले होते की त्यांना सांगवेना.

मी तपासलं तेव्हा उलगडा झाला. मी अख्ख्या मशीनची चाल बदलली होती. त्या मशीनवरून फक्त तातडीचे फोटो जात नव्हते. जुन्या फोटोंची आणि पेशंटच्या माहितीची एक प्रत रोज दुपारी गडचिरोलीच्या आमच्या ऑफिसात यायची. ती आधी मुकाट्यानं वाट देत देत यायची. आता तिलाही मी बीबीआरचं बळ दिलं होतं. तिला कसली घाई नव्हती, तरी ती कोपरं मारत पुढं जात होती, आणि त्या अरुंद वाटेवर जे तुकडे पडत होते ते टॅबवरच्या बोलण्याचे होते. एका आईला पोराचा आवाज येत नव्हता, कारण मागच्या वर्षीच्या एक्स-रेंना गडचिरोलीला यायचं होतं.

मी सेटिंग लगेच मागं घेतली. बोलणं सुधारलं आणि फोटो पुन्हा पानांत अडकला. बाई म्हणाल्या, राहू द्या ताई, चालते. पण त्या चालते म्हणाल्या की पेशंटसाठी घरून भात जाणार, हे मला माहीत होतं.

तेव्हा पोळ्याची सुट्टी होती. मी गावी आईकडे गेले, लॅपटॉप घेऊनच. पडवीत बसून प्रोग्रॅम उघडला. शेजारच्या घरी बैल सजवत होते. आमच्याकडे बैल आता नाहीत, पण आई दरवर्षी शेजारच्या बैलांसाठी पुरणाचा घास करते. ती आतबाहेर करताना दर वेळी माझ्या स्क्रीनकडे बघायची.

"सनासुदीचं काय करून राह्यली वं?" तिनं विचारलं.

मी तिला तो दवाखाना, तो फोटो, तो टॅब सगळं सांगितलं. तिनं चुलीपाशी बसून ऐकलं. तिला तांत्रिक भाग किती कळला कोण जाणे, पण व्हरांड्यात बसलेले लोक तिला नीट दिसले असावेत.

"सगळ्याइले एकच कायदा काऊन लावला मंग?" ती म्हणाली. "ज्याले घाई आहे त्यालेच जाऊ दे ना आधी."

मी म्हटलं, तेच करून राह्यली. आणि खरंच तेच करत होते. ते करता येतं हे मला ठाऊक होतं, पुण्यात त्याची गरज कधी पडली नव्हती, एवढंच. प्रोग्रॅम जेव्हा दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलायला एक जोडणी उघडतो, तिला सॉकेट म्हणतात. प्रत्येक सॉकेटला स्वतःचे पर्याय देता येतात. त्यातला एक पर्याय गर्दीच्या नियंत्रणाचा आहे. अख्ख्या मशीनला हात न लावता, तेवढ्या एका जोडणीपुरतं सांगता येतं की तू क्यूबिकनं नको, बीबीआरनं चाल. जोडणी बंद झाली की तो नियम तिच्याबरोबर संपतो. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. प्रोग्रॅममध्ये ही एक ओळ आहे. सॉकेट उघडल्यावर आणि समोरच्याला हाक मारायच्या आधी ती लिहायची.

मी तीन वाटा केल्या. पेशंट समोर बसलाय आणि डॉक्टरांचं उत्तर हवंय, त्या फोटोच्या जोडणीला बीबीआर. रोजच्या साध्या कामाला मशीनचं नेहमीचं क्यूबिक. आणि गडचिरोलीला येणाऱ्या जुन्या प्रतींना एलपी. ही तिसरी पद्धत फारशी कुणी वापरत नाही. तिचा स्वभावच असा की वाटेत दुसरं कुणी आहे असं वाटलं तरी ती मागं सरते, आणि उरेल तेवढ्याच जागेतून जाते. मला ती पहिल्यापासून आवडते. गावाकडं काही माणसं असतात ना, पंगतीत सगळ्यांचं झाल्यावर बसणारी, तशी.

पोळ्यानंतर मी पुन्हा बस धरली. आष्टीच्या पुढं पाऊस होता, आलापल्लीला थांबला. बाई रस्त्यापर्यंत घ्यायला आल्या होत्या, छत्री घेऊन. प्रोग्रॅम चढवला, बाईंच्या स्क्रीनवर तीन बटणं आली, कोणता फोटो कोणत्या वाटेनं पाठवायचा ते निवडायला. मी ती इंग्रजीत लिहिली होती. बाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, सिस्टरला कळायला पाहिजे, मी रजेवर असले तर. मग आम्ही दोघींनी बसून नावं ठरवली. घाईचं, साधं, सावकाश. तिसऱ्याला मी आधी मागाहूनचं म्हणत होते; बाईंना ते आवडलं नाही. मागाहूनचं म्हटलं की त्याला वाईट वाटेल, म्हणाल्या.

पहिलं बटण दाबलं तर मशीननं सांगितलं, असं काही इथं नाही. मी चक्रावले. घरी सगळं चाललं होतं. मग लक्षात आलं की आदल्या आठवड्यात तिथली लाइट गेली होती आणि मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं होतं. मी अख्ख्या मशीनसाठी बीबीआर लावलं होतं तेव्हा त्याचा भाग आपोआप आत आला होता. सेटिंग मागं घेऊन मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तो भाग कुणी बोलावलाच नव्हता. साध्या प्रोग्रॅमनं नुसतं नाव घेतलं म्हणून तो येत नाही. मी मशीनला सांगून ठेवलं, सुरू होतानाच बीबीआरला आणि एलपीला घेऊन ये. घाईचं बटण चाललं.

सावकाशचं बटण दाबलं तर वेगळंच. परवानगी नाही. मी मोठ्यानं हसले आणि बाईंनी काय झालं विचारलं. मी सांगितलं की जोरात जायला या मशीनची काही हरकत नाही, पण स्वतःहून मागं सरायचं असेल तर आधी परवानगी काढायला सांगतं. बाई म्हणाल्या, "आमच्या साहेबासारखी हाये."

परवानगी असलेल्या पद्धतींची मशीनमध्ये एक ओळ असते, तिच्यात एलपीचं नाव घातलं. तिन्ही बटणं चालली. मग प्रत्येक जोडणी उघडल्यावर उलट विचारून बघितलं की तू आत्ता कोणत्या पद्धतीनं चालली आहेस. सांगितलेलं आणि झालेलं एकच आहे का. एकच होतं. मी बाईंना म्हटलं, आता मी दोन दिवस राहते, नुसती बघते.

दुसऱ्याच सकाळी खाट आली.

चौघं जण खाट खांद्यावर घेऊन चालत आले होते, नाल्याच्या पलीकडच्या पाड्यावरून. खाटेवर एक बाई, पन्नाशीच्या आसपासची. मक्याच्या शेतात रानडुकरं राखायला मचाणावर बसली होती, उतरताना पाय सटकून पाठीवर पडली. नवरा बरोबर होता. घाबरलेला होता, पण दिसू देत नव्हता. सारखा खाटेचा पाय धरून उभा. दवाखान्याचे डॉक्टर त्या दिवशी दुसऱ्या गावी तपासणीला गेले होते. सिस्टरनं त्या बाईला हलू दिलं नाही. एक्स-रेवाल्या बाईंनी तिच्या पायाच्या बोटांना हात लावून माडियात विचारलं, आणि बोटं हलली. बाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. खाटेवरूनच, चौघांनी चादर धरून, तिला टेबलावर घेतलं. फोटो काढला.

तेवढ्यात फाटकाशी जीप आली. अहेरीला जाणारी, प्रवाशांची. नवऱ्याला ओळखणारा एक जण तिच्यात होता. तो आत येऊन म्हणाला, चल, जागा आहे, मधल्या सीटवर बसवू, अहेरीत मोठा दवाखाना आहे. नवरा लगेच तयार झाला. त्याच्या जागी मीही झाले असते. दुखणारं माणूस घेऊन थांबणं कठीण असतं आणि जीप रोज मिळत नाही. सिस्टर म्हणाली, फोटोचं उत्तर येऊ द्या. तो म्हणाला, जीप थांबेल तोवर थांबतो. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

बाईंनी घाईचं बटण दाबलं.

मी त्यांच्या मागं उभी होते. शेजारच्या खोलीत टॅबवर एक म्हातारा आपल्या मुलीशी बोलत होता. मुलगी चंद्रपूरला नर्सिंग शिकते. आजोबा मोठ्यानं बोलत होते, जसं काही चंद्रपूरपर्यंत आवाज स्वतःच पोचवायचा आहे. शब्द मला कळत नव्हते, पण मुलीचं हसू भिंतीतून स्वच्छ ऐकू येत होतं. स्क्रीनवर फोटोची हिरवी पट्टी सरकत होती. मला एकीकडं पट्टी बघायची होती आणि एकीकडं ते हसू तुटतंय का ऐकायचं होतं. बाईंचंही तेच चाललं असावं, कारण त्यांनी माझा हात धरला होता आणि मान भिंतीकडं वळवली होती. बाहेर दुसऱ्यांदा हॉर्न वाजला. पट्टी भरली. मुलगी हसतच होती.

बाईंनी चंद्रपूरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, थांबा, बघतो. बाईंनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. नवरा दारात आला होता.

"बाई, पेशंट झोपलेली आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो सर."

"तशीच राहू द्या. मणका मोडला आहे. बसवायची नाही, उठवायची नाही, कुशीवरसुद्धा नाही. फळीवर घ्या. कुठल्या जीपमध्ये वगैरे घालू नका. मी इथून गाडीचं बोलतो."

बाईंनी ते सगळं नवऱ्याला माडियात सांगितलं. सावकाश सांगितलं, मधे मधे थांबत, आणि बसवायची नाही हे बहुधा तीनदा सांगितलं. तो ऐकत होता. मग बाहेर गेला आणि जीप निघून गेल्याचा आवाज आला. परत येऊन त्यानं पुन्हा खाटेचा पाय धरला. बायको आता टेबलावर होती हे त्याच्या ध्यानात नव्हतं. सिस्टरनं त्याला खांद्याला धरून टेबलाकडं नेलं. बायकोनं त्याला काहीतरी म्हटलं. बाई हसल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मका कोन राखून राह्यला, म्हनते."

दुपारी फळी असलेली गाडी आली आणि तिला घेऊन गेली. नवरा पुढं ड्रायव्हरजवळ बसला. खाट आणणारे चौघं रिकामी खाट घेऊन पायी परत निघाले. बाईंनी त्यांना आधी जेवायला घातलं. मी क्वार्टरच्या पायरीवर बसून ताटं धुतली. मला रडू येत होतं आणि ते बाईंना दिसू नये असं वाटत होतं. त्यांना दिसलं. त्यांनी माझ्यापुढं आणखी एक ताट ठेवलं.

त्या बाईचं ऑपरेशन करावं लागलं नाही. बरेच आठवडे ती चंद्रपूरला पडून होती, मग कमरेला पट्टा बांधून घरी आली. हे मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं, बाईंच्या फोनवरून, आईची तब्येत आणि धान झाल्यावर. आता त्यात ही बाईही आली होती.

पावसाळा संपल्यावर खांब आला. अँटेना उंच करायला मी गेले, तेव्हा ती फेरतपासणीच्या फोटोला आली होती. चालत. काठी होती, पण ती तिनं दाराशी ठेवून दिली. नवरा मागून काठी घेऊन आला आणि ती त्याच्यावर रागावली. फोटो काढून झाल्यावर बाईंनी तिला विचारलं, घाई आहे का? तिनं नाही म्हणून मान हलवली. एसटीला वेळ होता आणि त्या दिवशी तिला पाड्यावर जायची ओढ नव्हती. मग बाईंनी सावकाशचं बटण दाबलं.

आम्ही सगळे व्हरांड्यात बसलो. बाई आणि ती माडियात बोलत होत्या, एकमेकींच्या मांडीवर हात मारून हसत होत्या. नवऱ्यानं आणलेले भाजलेले मक्याचे दाणे मधे फडक्यावर होते. मला एक शब्द कळत नव्हता. मधेच त्या दोघी माझ्याकडं बघायच्या आणि पुन्हा हसायच्या. माझ्याबद्दल काय चाललंय, मी विचारलं. बाई म्हणाल्या, काही नाही. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, ती विचारते, ह्या ताईचं लग्न झालं का, तिचा एक भाचा आहे.

मी दाणे खात राहिले. आतल्या खोलीत फोटो आपल्या चालीनं जात होता.